आठवण कशी येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी तरी चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी मानसशास्त्राची पंडिता नव्हे. परंतु कार्यवाहबाईंनी विषय विचारला, तेव्हा ‘स्मरणशक्ती’ हाच शब्द तोंडून गेला. त्याचे कारण घरातलेच आहे. ते ओघाने येईल.

‘माझी स्मरणशक्तीच गेली बाई!’ असे आपण सहज म्हणतो. जणू ती एकच वस्तू आहे. पण फडताळात मिठाचा डबा वेगळा आणि लोणच्याची बरणी वेगळी, तशीच स्मृतीचीही निरनिराळी ठाणी आहेत.

पहिली अगदी तात्पुरती. कोणी फोनचा नंबर सांगितला, आपण तो पुटपुटत कागद शोधतो, तेवढ्यात मुलाने हाक मारली की नंबर गेला! १९५६ साली मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने म्हटले की, अशा सुट्या गोष्टी एका वेळी साधारण सातच मनात राहतात. बाजाराची यादी लिहून नेण्यात कमीपणा नाही, तो यासाठी.

दुसरी दीर्घकाळ टिकणारी. तिच्यातही भेद आहेत. कॅनडातील टुल्व्हिंग यांनी १९७२ साली त्यांतील दोन स्पष्ट करून दाखवले. नांदेड गोदावरीच्या काठी आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ते कधी कळले हे आठवत नाही. ही ज्ञानाची स्मृती. आणि लग्न होऊन आपण प्रथम ही गोदावरी पाहिली तो दिवस डोळ्यांपुढे येतो, ती प्रसंगाची स्मृती. याखेरीज तिसरी आहे, हातांची. भाकरी थापताना पीठ किती फिरवावे, हे सुनेला शब्दांत सांगता येत नाही; हात मात्र चुकत नाहीत.

ही ठाणी खरोखरच वेगळी आहेत याचा दाखला ऐका. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या प्रसंगांची आठवण त्याच्याजवळ राहीना. पण आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम दिले, तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आणि हे काम आपण पूर्वी केले आहे, याचे मात्र त्याला स्मरण नसे!

आता घरची गोष्ट. माझे माहेर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात. वडील गेल्यावर आई नांदेडला माझ्याजवळ राहिली. डॉक्टरांनी तिच्या आजाराला स्मृतिभ्रंश हे नाव दिले. एकच प्रश्न ती दहादा विचारी. मीही माणूसच, ‘अगं माय, आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून कितीदा तिच्यावर ओरडले. पुढे तर ती मलाच विचारू लागली, ‘तुम्ही कोणाच्या हो बाई?’

माझ्या मुलीच्या लग्नात हळद दळण्यासाठी जुने जाते काढले. वडीलधारी म्हणून आईला त्यापुढे बसवले. खुंट्यावर हात ठेवला, जाते फिरले, आणि जिला लेकीचे नाव आठवत नव्हते ती आई एकामागून एक ओव्या म्हणू लागली! त्यांत भावाचे नाव, गावाच्या पांदीचे नाव, सारे जागच्या जागी. आम्ही सगळ्या जणी रडलो. जाते थांबले, आणि ओव्याही थांबल्या.

भगिनींनो, आठवण नाहीशी होणे वेगळे आणि सापडेनाशी होणे वेगळे. सापडण्यासाठी धागा लागतो. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करण्यास दिले. ते शब्द काठापेक्षा पाण्याखालीच त्यांना अधिक आठवले. आपण स्वयंपाकघरात कशाला आलो हे विसरतो, आणि माजघरात परतलो की आठवते, तेही यामुळेच. येळवशीच्या आंबिलीचा वास आला की मला आजही शेतातली कोप दिसते.

पण स्मृती ही पेटीत ठेवलेली तसबीरही नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसे निजली होती. हजारो माणसे गेली. मी तेव्हा माहेरी होते. अंधारात कंदील मी लावला, हे मला लख्ख आठवते. वहिनी म्हणतात, कंदील त्यांनी लावला! दोघींपैकी कोणीच खोटे बोलत नाही. बार्टलेट या इंग्रज अभ्यासकाने १९३२ सालीच दाखवले होते की, आठवताना मन गोष्ट पुन्हा नव्याने रचते. म्हणून खात्री असणे आणि खरे असणे एक नव्हे. घरातल्या जुन्या भांडणांत एवढे ध्यानात धरले तरी पुष्कळ!

आता विनंती तीनच. घरातले वृद्ध माणूस विसरले तर रागावू नका. ओळखीची वाट किंवा रोजचे काम चुकू लागले तर डॉक्टरांना दाखवा. त्यांना ‘काही आठवतं का?’ असे नुसते विचारू नका. जुने भांडे, लुगडे हाती द्या, गावी न्या, मग विचारा. आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितले तर दोन्ही लिहा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. ते दिवस कळत्या वयात पाहिलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्याला आपल्या आळीपुरत्या तरी जमतील.

त्या हळदीच्या दिवशी धांदलीत मी चारच ओव्या टिपल्या. ‘लग्न उरकू दे, मग सावकाश लिहू’ असे म्हटले. पुढल्या उन्हाळ्यात आई गेली. बाकीच्या ओव्या कोणालाच येत नाहीत.