पहिला वाढदिवस आणि घरचे माप

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात पाली येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आमचे उत्तर ऐकून त्यांना हसू आवरले नाही. शिक्षणफंड, वसतिगृह, वधूवरसूचन असे भारदस्त विषय सोडून गुरुजींनी बाळाच्या वाढदिवसाचा केक निवडावा, ह्याचे त्यांना नवल वाटले. आपणांपैकीही कित्येकांस तसेच वाटत असेल. परंतु ज्ञातीचे बरेवाईट केवळ सभेतील ठरावांनी होत नाही. घराघरांतील लहानसहान खर्चांतूनच एकाची प्रतिष्ठा आणि दुसऱ्याची अडचण उभी राहात असते. हा विषय आम्ही निवडला तो इतरांस उपदेश करण्यासाठी नव्हे. ह्या बाबतीत आमच्याच हातून एक चूक घडली आहे आणि ती ज्ञातीपुढे सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

प्रश्न साधा आहे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसास हजारो रुपये खर्चून मजल्यामजल्यांचा शोभिवंत केक आणावा की आणू नये?

प्रथम दोन नेहमीचे आक्षेप बाजूला सारू. पहिला आक्षेप असा की, केक ही परकी वस्तू आहे. आम्हांस ह्यात फारसे तथ्य दिसत नाही. आपल्या श्रीबल्लाळेश्वराच्या देवळात जी मोठी घंटा आहे, ती युरोपीय घडणीची असून १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी ती अर्पण केली, असे परंपरेने सांगतात. परक्याची घंटा आपल्या देवापुढे वाजू शकते, तर परक्याचा गोड पदार्थ आपल्या पाटावर का येऊ नये? मुंबईतील इराण्यांच्या बेकऱ्यांनी मावा केक इतका आपलासा केला की, तो परका होता ह्याची आठवणही कोणास राहिली नाही. वस्तू कोठून आली हे पाहण्यापेक्षा घरात येऊन ती काय करते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप मेणबत्तीचा. आपण शुभप्रसंगी दिवा लावतो, ते फुंकून विझवतात, असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. अनेक घरांत वाढदिवशी मार्कंडेयाचे व चिरंजीवांचे स्मरण करून तीळ व गूळ घातलेले दूध घेण्याची रीत होती आणि सुवासिनी निरांजनाने औक्षण करीत. ही रीत सुंदर आहे व ती राखावी. परंतु औक्षण करून मग केक कापणारी घरे आज पुष्कळ आहेत. मेणबत्ती न लावताही केक कापता येतो. तेव्हा भांडण मेणबत्तीशी नाही.

मग भांडण कशाशी? ते सांगण्यासाठी आमच्या घरची हकीकत निवेदन करतो.

काही वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला. सूनबाईंचे म्हणणे होते की घरी शिरा करावा, शेजारची मुले बोलवावीत आणि औक्षण करावे. अशा खर्चांचा दोष घरातील स्त्रियांवर ढकलण्याची आपणां पुरुषांस सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो की, केकचा हट्ट सूनबाईंचा नव्हता, चिरंजीवांचाही नव्हता. तो आमचा होता. निवृत्तिवेतनाची थकबाकी नुकतीच हाती आली होती आणि जन्मभर खडूची पूड अंगावर घेतलेल्या मास्तराच्या घरीही थाट होऊ शकतो, हे चार लोकांस दाखवावे, अशी बुद्धी आम्हांस झाली. साडेचार हजार रुपये मोजून मोठ्या गावाहून तीन मजली केक मोटारीने आणविला. वर साखरेची मोटार, साखरेचा हत्ती आणि साखरेचीच नावाची पाटी.

पुढे काय झाले ते ऐका. वैशाखाचा उन्हाळा. पाली गाठेपर्यंत वरचा मजला एका अंगास कलला. संध्याकाळी साठ माणसे एका खोलीत जमली. फुलबाजीसारखी ठिणग्या उडविणारी मेणबत्ती पेटवताच बाळाने जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना. शेवटी त्याची मूठ सुरीवर धरून आम्हीच केक कापला, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. उत्सवमूर्ती मात्र आईच्या खांद्यावर हुंदके देत झोपी गेली. वरचे साखरेचे जाड आवरण बहुतेकांनी बशीतच ठेवले. दुसऱ्या दिवशी ते आम्ही स्वतः पाटीत भरून टाकले.

इतकेच घडले असते, तर आमची थोडी फजिती झाली एवढ्यावर भागले असते. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस आमचा एक जुना विद्यार्थी, जो नात्याने लांबचा पुतण्याही लागतो, आमच्याकडे आला. कारखान्यात कंत्राटी कामगार. पगार बेताचा आणि तोही कंत्राटदाराच्या लहरीवर. बसला, पाणी प्याला, इकडचे तिकडचे बोलला आणि मग खाली पाहून म्हणाला, “गुरुजी, मुलीचा पहिला वाढदिवस आहे. पाच हजार उसने हवे होते.” आम्ही विचारले, कशासाठी? तो म्हणाला, केकसाठी आणि थोड्या जेवणासाठी. झाले! आमच्यातील मास्तर जागा झाला. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, असे जे जे आम्ही छत्तीस वर्षे वर्गात सांगितले, ते सर्व त्यास पुन्हा ऐकविले. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, “गुरुजी, माप तर तुमच्याच घरून आणलंय.”

बंधुभगिनींनो, आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

पैसे आम्ही दिले. त्याने दरमहा पाचशे रुपये ह्याप्रमाणे दहा महिन्यांत ते फेडले. राहू दे, असे आम्ही दोनदा म्हणालो. त्याने ऐकले नाही. प्रत्येक महिन्यात तो पाचशेची नोट ओटीवर ठेवी, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहण्याचा आम्हांस धीर होत नसे. आमच्या एका संध्याकाळच्या हौसेची किंमत एक गरीब बाप दहा महिने भरीत होता.

ह्या प्रसंगावरून आम्ही जे शिकलो, ते असे. खळ्यावर भात मोजताना गावात एक पायली प्रमाण मानली जाई. ज्ञातीतही तसेच आहे. येथे सर्वजण एकमेकांच्या घरी जातात, एकमेकांकडे पाहतात. ज्याच्या घरी चार पैसे अधिक, त्याच्या घरचे माप नकळत सर्वांचे माप होऊन बसते. श्रीमंतास साडेचार हजारांचा खर्च जाणवत नाही, परंतु त्याने वापरलेले माप घेऊन गरिबास मोजावे लागते. न मोजावे तर, आपल्या लेकराचे आपण काही केले नाही, ही खंत त्यास जाळते. म्हणून, “आमचे पैसे, आमची हौस, इतरांस काय त्याचे?” हे उत्तर ज्ञातीत राहणाऱ्या माणसास शोभत नाही.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी आनंदावरच बंदी घालू पाहतात. तसे मुळीच नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले आणि सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यांत पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे त्या काळी सर्रास बोलले जाई. आयोगाचे मत मात्र असे पडले की, ह्या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात आणि माणसाने संसारातील सुखासाठी इतका खर्च करणे काही गैर नव्हे. परक्या सरकारच्या आयोगास जे कळले, ते आपण विसरू नये. गरिबाच्या घरच्या आनंदाचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणास नाही.

परंतु आयोगाच्या मतातील एक शब्द ध्यानात घ्या. प्रसंग ‘क्वचित’ येतात, म्हणून खर्च क्षम्य. आज प्रसंग क्वचित राहिले आहेत काय? हल्ली बाळ एक महिन्याचे झाले की केक, दोन महिन्यांचे झाले की केक, सहा महिन्यांचे झाले की अर्ध्या वाढदिवसाचा केक, आणि प्रत्येकाचे छायाचित्र दूरध्वनीवरून साऱ्या नातलगांस! वर्षातून एकदा येणारा पाहुणा दरमहा येऊ लागला, तर यजमानाने पंगतीचा थाट कमी करावा, ह्यात कद्रूपणा कसला?

आणि हे सर्व ज्या बाळासाठी, त्याच्या वाट्यास काय येते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांच्या आहाराविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत अति साखरेचे पदार्थ ह्या वयात देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एक वर्षाच्या मुलासाठी आणलेल्या केकमधील सर्वांत निरुपयोगी वाटा त्या मुलाचाच ठरतो. भडक रंगांविषयी तर बोलावयासच नको. तेव्हा मोठा केक आपण मोठ्यांसाठी, आणि खरे बोलायचे तर मोठेपणासाठी आणतो, हे निदान स्वतःशी तरी कबूल करावे.

आता एक आक्षेप असा, ज्यास आम्ही खरोखर मान देतो. आपल्या ज्ञातीतील काही लेकीसुना घरच्या घरी केक करून विकतात. आपल्या पालीच्या पापड-मिरगुंडांनी जसा कित्येक घरांस हातभार लावला, तसाच हाही एक नवा उद्योग आहे. गुरुजींचे ऐकून सर्वांनी केक बंद केला, तर त्यांनी काय करावे? आमचे म्हणणे असे की, केक अवश्य घ्यावा, तो त्यांच्याकडूनच घ्यावा, अर्धा किलो घ्यावा आणि किमतीत घासाघीस करू नये. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीसाठी आपल्या संस्थेने त्यांस मदत करावी. एका घरच्या तीन मजली केकपेक्षा नऊ घरचे अर्धा किलोचे केक त्यांच्या उद्योगास अधिक उपकारक होतील.

मग आमची सूचना काय? ठराव नको, दंड नको, कोणाच्या घरी जाऊन वजन करणे तर मुळीच नको. सूचना इतकीच की, ज्ञातीत ज्यांची परिस्थिती चांगली आहे, त्यांनी आपणहून आपल्या घरचे माप लहान ठेवावे. गरिबास काटकसर सांगण्याचे आता पुरे झाले. ज्यास परवडते त्याने हात आखडला, तर ज्यास परवडत नाही त्याची मान आपोआप ताठ राहील. आपले बोरन्हाण आठवा. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा. ते बाळाच्या डोक्यावरून ओतले की गल्लीतील सारी मुले ते वेचण्यास धावतात. त्यात किती मजले होते, असे कोणी विचारीत नाही.

वाचलेल्या पैशाचे काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलगी असेल, तर २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेचे खाते टपाल कचेरीत उघडता येते. वर्षाला निदान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते. साडेचार हजारांत अशा कित्येक वर्षांची किमान रक्कम भागते. हा हिशेब आम्ही त्या वैशाखात केला नाही, ह्याची आम्हांस लाज वाटते.

शेवटी, गेल्या श्रावणातील गोष्ट सांगून संपवतो. आमच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. ह्या खेपेस सूनबाईंचे चालू दिले. परसातील वेलावर मोठे तवसे तयार होते. ते किसून, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे घालून सौभाग्यवतींनी धोंडस केले. पातेल्याखाली मंद निखारे, झाकणावर निखारे. सारे घर वासाने भरून गेले. गूळ हीदेखील शेवटी साखरच, म्हणून नातीच्या जिभेवर बोटाएवढेच टेकविले. बाकीचे मुलांनी फस्त केले. नातवाने अर्धा किलोचा केक मागितला होता, तोही आपल्याच एका भगिनीकडून आणला व त्याच पाटावर ठेवला. औक्षण झाले. कोणी रडले नाही.

त्या संध्याकाळी तो पुतण्याही सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे. तिने धोंडसाचा दुसरा तुकडा मागून घेतला. जाताना तो ओटीवर थांबला आणि हसून म्हणाला, “गुरुजी, ह्या वेळचं माप परवडण्याजोगं आहे.” आम्हांस मिळालेल्या कोणत्याही शाल-श्रीफळापेक्षा ते वाक्य आम्हांस मोठे वाटले.

श्रीबल्लाळेश्वर आपल्या साऱ्या लेकरांस दीर्घायुष्य देवो आणि त्यांच्या आईबापांस, विशेषतः आजोबांस, सद्बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.