चढेना अहवाल

आमच्या गावच्या वाचनालयाची एक छोटी वेबसाइट आहे. ती सांभाळायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी सांभाळतो. परवा चिटणीसकाकांचा फोन आला, "अरे, वार्षिक अहवाल चढत नाहीये. चारशे तेरा असं काहीतरी दिसतंय."

अहवाल स्कॅन केलेला, १४ एमबीचा. ४१३ म्हणजे पाठवलेला ऐवज मर्यादेबाहेर. पण मर्यादा कुणाची, हे तो आकडा सांगत नाही. आमची साइट पीएचपीवर चालते, म्हणून मी घाईघाईने पीएचपीची सेटिंग उघडली. तिथली 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' मुळात २ एमबी असते, ती २० केली. काकांनी पुन्हा चढवून पाहिलं. पुन्हा ४१३.

चूक माझीच. वाड्यात शिरताना आधी दिंडी दरवाजा लागतो, माजघराचं दार नंतर. आमच्या सर्व्हरच्या दिंडीवर एन्जिनएक्स नावाचा प्रोग्राम बसलेला आहे. त्याला काही सांगितलं नसेल, तर 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' तो १ एमबी धरतो. अहवाल तिथूनच परत फिरत होता; आत पीएचपीला त्याचा पत्ताही नव्हता. तीही मर्यादा वाढवली.

मग खरी गंमत झाली. काका म्हणाले, "चारशे तेरा गेलं, पण आता म्हणतोय शीर्षक लिहा. मी लिहिलंय की!"

काकांनी लिहिलं होतं, हे खरंच. पीएचपीत 'पोस्ट मॅक्स साइझ' नावाची आणखी एक मर्यादा असते. ती एकट्या फाइलची नव्हे, सगळ्या फॉर्मची. मुळात ८ एमबी. फॉर्म तिच्या वर गेला की पीएचपी फाइल तर टाकून देतंच, सोबतचं शीर्षकही टाकून देतं. आतल्या प्रोग्रामच्या हाती कोरा फॉर्म पडतो आणि तो बिचारा भाबडेपणाने शीर्षक मागतो. फाइल मोठी आहे, असा शब्दसुद्धा फॉर्मवर येत नाही. या एका कोऱ्या फॉर्मपायी माझी अख्खी दुपार गेली.

शेवटी फाइलला २०, फॉर्मला २२ आणि दिंडीवर २५ असं ठरवलं. आतून बाहेर थोडं थोडं वाढतं. पीएचपीच्या सेटिंगमध्ये आकड्यापुढे नुसतं 'एम' लिहायचं. सवयीने 'एमबी' लिहिलंत, तर शेवटचं 'बी' त्याला उमगत नाही आणि २० एमबीचे चक्क २० बाइट होतात! आणि हो, बदलानंतर पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करावी लागते, एन्जिनएक्सलाही नवी सेटिंग वाचायला लावावी लागते. हे मी दोनदा विसरलो.

अहवाल चढला. काका खूश होऊन म्हणाले, "मग एकदाच एक जीबी करून टाक ना!" मी नाही केलं. तो फॉर्म सगळ्या सभासदांना खुला आहे आणि आमची डिस्क २५ जीबीची. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ चढायला लागले, तर संध्याकाळपर्यंत ती भरेल आणि काकांचा फोन पुन्हा मलाच येईल.