गाडी बंद पडते तेव्हा : टाकीपासून जेटपर्यंत

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय झाला, कर्जाचा झाला, आता मध्येच हा मोटारसायकलचा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. जत, आटपाडी, मंगळवेढ्याकडची मंडळी इथे बसली आहेत. कापूसवाले त्याहून लांबून आले आहेत. वापसा आला आणि बियाणे आणायला निघालेली गाडी माळावर बंद पडली, तर काय होते ते त्यांना विचारा. बागायतदाराचा एक दिवस बुडाला तर तो दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. आपला दिवस बुडाला तर ओल जाते आणि पेरणी हुकते. उत्पादनखर्च मांडताना मात्र या गाडीचा खर्च आपण स्वतःसुद्धा धरत नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. कपाशीची पाने लाल पडली की लगेच औषध मारू नका, ते तुडतुड्यांमुळे आहे, नत्र कमी पडले आहे की मॅग्नेशियम, ते आधी बघा, असे गावोगाव सांगत आलो. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे वागलो. आमची जुनी शंभर सीसीची गाडी चार-पाच किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. आम्ही प्लग बदलला. मग कॉइल बदलली. पुढे कार्ब्युरेटरच नवा घ्या, असा सल्ला मिळाला. शेवटी इथल्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडायला लावले. फुस्स असा आवाज झाला. किक मारली, गाडी सुरू! झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरायचे तर वरून हवा आत यायला हवी, एवढीच गोष्ट. टाचणीचे काम होते, आणि आम्ही कॉइल बदलून बसलो होतो.

म्हणून पहिला नियम असा : पैसे खर्च करण्याआधी वरून खाली, क्रमाने बघत या. टाकी, झाकण, कॉक, पाइप, कार्ब्युरेटर. आणि हे काम उघड्यावर करा, इंजिन थंड असताना करा. जवळ चूल नको, विडी नको.

गाडी सुरू होत नसेल तर प्लग काढून बघा. बऱ्याच किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे. मग ठिणगी बघा, नाहीतर पेट्रोल जास्त होते आहे असे समजा. ठिणगी बघताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोल सांडलेले नसावे.

प्लग कोरडा असेल तर पाइप कार्ब्युरेटरकडून काढा आणि कॉक उघडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या. धार सारखी पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर झाकण उघडून पुन्हा बघा. धार सुधारली तर दोष झाकणाचा, नाही सुधारली तर कॉकची जाळी चोंदली आहे. ती बाटली लगेच ओतून टाकू नका. पाव तास स्थिर ठेवा. तळाला तांबडा गाळ बसला तर टाकी आतून गंजली आहे. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी शिरले आहे. काही जण गाडी कायम रिझर्व्हवर चालवतात. त्यात पेट्रोल संपत आल्याची सूचना मिळत नाही, आणि तळाचा गाळ व पाणी आधी तिथूनच खेचले जाते.

पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येते आहे, तरी गाडी चालत नाही. मग जेट बघा. जेट म्हणजे आपल्या फवारणी पंपाचा नोझलच, फक्त भोक फार बारीक. चोक ओढला तरच गाडी चालते, सोडला की बंद होते, तर बहुधा पायलट जेट चोंदला आहे. त्यात तार घालू नका. जेट पितळेचा असतो. भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. पेट्रोलने धुवा आणि हवेने फुंका. उलट बाजूला, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या निडलखाली कचरा अडकला आहे किंवा निडल झिजली आहे. रात्री कॉक बंद करायची सवय असेल तर हे गळणे तिथेच थांबते.

काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज कमी, असे दिसले तर आधी एअर फिल्टर काढा. आपले रस्ते धुळीचे, मळणीत भुसा उडतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवून, वाळवून, थोडे ऑइल लावून बसवा. कागदाचा असेल तर धुवू नका, झटका, फारच मळला तर बदला. फिल्टर काढून गाडी चालवणे म्हणजे इंजिनात माती पेरणे.

आता पेट्रोलबद्दल. जुन्या गाडीची तक्रार वाढली आहे, ती उगाच नाही. २००१ साली आपल्या शेजारच्या मिरजेत आणि मनमाडमध्ये ५ टक्के इथेनॉलचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये देशात १० टक्के झाले, २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. टू-स्ट्रोक गाडीत तर धोका मोठा. राजदूतवाल्यांनी ध्यानात ठेवावे, की पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि इंजिनाकडे तळाचे जाते. जुने रबर इथेनॉलने फुगते, नाहीतर कडक होऊन चिरते. टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटून फिल्टरमध्ये येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांवर ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले आहे. तेवढी घट पेट्रोलची. त्याहून जास्त घटले तर दोष गाडीत शोधा.

आपल्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे घरी बघता येते. खुणा असलेल्या १०० मिलिलिटरच्या स्वच्छ काचेच्या नळीत १० पाणी आणि ९० पेट्रोल घ्या, हलवा, स्थिर ठेवा. खालचा थर १० चा वाढून २७-२८ च्या आसपास गेला तर २० टक्के समजा. औषधाचे मोजपात्र वापरू नका, आणि हे पेट्रोल गाडीत परत ओतू नका. पंपावर भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर आणि माप कमी वाटले तर ५ लिटरचे माप मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आमचा इथेनॉलला विरोध नाही. शेतात पिकलेल्या मालाला इंधनाचे गिऱ्हाईक मिळावे, हे आपल्या हिताचेच आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने तर गोड ज्वारीपासून अल्कोहोल काढण्याचे काम १९८० च्या दशकातच केले. ज्वारीवाल्याला ते ऐकून बरे वाटेल. पण उसाच्या रसाचा फायदा एकाने घ्यायचा आणि पाइप, जेट, अ‍ॅव्हरेजचा भुर्दंड माळावरच्या जुन्या गाडीवाल्याने मुकाट सोसायचा, हा हिशोब बरोबर नाही. पेट्रोलमध्ये काय आहे ते पंपावर ठळक लिहिलेले असावे, आणि जुन्या गाड्यांना कमी मिश्रणाचे पेट्रोल मिळावे, एवढे मागायला काय हरकत आहे?

ते मिळेपर्यंत चार कामे मृगाच्या आत उरका. पेट्रोलचा पाइप दाबून बघा. कडक, चिकट किंवा चिरलेला असेल तर बदला. ठिबकची किंवा पंपाची नळी लावू नका. पाइपमध्ये छोटा फिल्टर टाका. झाकणाचे रबर आणि हवेचे भोक तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, आणि टाकी एकतर गळ्यापर्यंत भरा नाहीतर पूर्ण कोरडी करा. अर्धी टाकी पावसाळाभर ठेवली की आत दव धरते.

हे सगळे मिळून अर्ध्या दिवसाचे काम आहे. पोराला शेजारी बसवा, त्याच्या हातून करून घ्या. पुढच्या बैठकीला येताना कुणाची गाडी वाटेत बंद पडली, तर आधी झाकण उघडा. कॉइल नंतर.