अग्निबाण सरळ का जातो?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जे थोडे शिकलो ते कारखान्यात आणि वाचनालयात. तरी आज अग्निबाणावर बोलावयाचे योजिले आहे, कारण न्हावऱ्यातली काही मुले संगणकावर अग्निबाणांचा खेळ खेळतात आणि वडील माणसे त्यांस रिकामटेकडी म्हणतात.

खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’. तो मेक्सिकोत तयार झाला. टाक्या, इंजिने, पंख जोडून आपला अग्निबाण आपणच रचावयाचा. पहिला बाण बहुधा वर जाताजाता कोलांटी खातो. मूल मग आणखी मोठे इंजिन लावते, आणि कोलांटी आणखी लवकर बसते!

गाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते. तेथे बैलांचा जोर कामी येत नाही. बाणातही जोरापेक्षा वजनाची जागा महत्त्वाची. त्याच्या वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य मागे हवा. मग नाक कलले की वाराच शेपटी ढकलून त्यास सरळ करतो. उलट असेल तर तोच वारा त्यास पालथा घालतो. दिवाळीच्या बाणास लांब काडी असते ती याचसाठी. शिवाय इंधन जळेल तसा वजनाचा मध्य सरकतो, तेही आधी मोजावे लागते.

मोठ्या बाणांचे एवढ्यावर भागत नाही. त्यांस नियंत्रणयंत्रणा लागते. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपला एसएलव्ही-३ उडाला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील झडप बिघडून आतले द्रव्य गळाले, आणि बाण बंगालच्या उपसागरात पडला. चौकशीत दोष सापडला. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या बाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

अपघातानंतर ‘कोणी केले?’ एवढेच विचारले तर माणसे दोष लपवितात, हे आम्ही कारखान्यांतून पुष्कळ पाहिले आहे. ‘कशाने झाले?’ असे विचारले तर दोष हाती लागतो. आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांची कवचे तयार झाली आहेत. अशा कामात ‘हा सांधा कच्चा आहे’ असे वेल्डरला निर्भयपणे सांगता आले पाहिजे. नाहीतर त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते.

खेळात बाण पडला तर कोणाचे काही जात नाही. म्हणून मुलांना तो खुशाल पाडू द्यावा. फक्त जवळ बसून दरवेळी विचारावे, ‘कशाने पडला, बाळ?’ ही सवय घेऊन ती कारखान्यात आली, तर आमचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.