नाण्यावरील पुट



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज मुधोळ येथे जमलो आहोत, ते गुरुजी माझ्यावर आयुष्यात एकदाच रागावले. मी तेव्हा आठवीत होतो. बासरजवळच्या गोदाकाठी नांगरटीत सापडलेले एक हिरवट नाणे मी चिंच-मीठ लावून घासले आणि घरच्या तांब्यासारखे लखलखीत करून त्यांच्यापुढे ठेवले. गुरुजींनी ते उलटसुलट पाहिले व म्हणाले, "अरे, नाणे राहिले, राजा गेला."

या उद्गाराचा अर्थ मला पुढे कळला. शतकानुशतके मातीत पडलेल्या कांस्य नाण्याचा पृष्ठभागच खनिज होऊन जातो. आत तांबूस क्युप्राइट, त्यावर हिरवे मॅलाकाइट आणि सर्वांवर चुनखडीचे कवच. अक्षरे पुष्कळदा धातूवर उरलेली नसतात. ती या पुटातच टिकून असतात. चिंचेतील आम्ल चुनखडीपाशी थांबत नाही. ते पुटालाही खाते. मिठातील क्लोराइड तर तांब्यात शिरते आणि ओलावा मिळताच फिकट हिरवी भुकटी पाडीत नाणे पोखरते.

अक्षर गेले म्हणजे काय गेले? १९३९ साली वऱ्हाडातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणातील नाण्यांचा, मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांच्या वंशावळीत नसलेला कुंभ सातकर्णी त्या नाण्यांवरील अक्षरांमुळेच इतिहासात आला. आपल्याच गोदावरीच्या काठी, पूर्वेकडे कोटिलिंगाल येथे, 'छिमुक' नावाची नाणी मिळाली. नाणेघाटातील लेखातल्या सिमुकाशी अभ्यासकांनी त्याची सांगड घातली. कोणी ती घासून चकचकीत केली असती तर?

म्हणून नाणे प्रथम तोलावे, त्याचे छायाचित्र घ्यावे. मग ऊर्ध्वपातित पाण्यात ते भिजत घालावे व पाणी बदलीत राहावे. मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने हलकेच काढावी. लोखंडी सुई, वाळू, लिंबू यांना हात लावू नये. हट्टी कवच संग्रहालयातील रसायनतज्ज्ञाकडे सोपवावे. आणि अक्षर वाचता येताच थांबावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेतात हिरवे नाणे सापडले तर घरी चिंच शोधू नका. आहे तसे शाळेत आणा, म्हणजे ते सरकारदरबारी कळविता येईल. एवढे केलेत तरी गुरुजींचे स्मरण झाले, असे मी समजेन.