सायलेन्सरचं टोक



आषाढ लागला की आमच्या त्र्यंबकचा ब्रह्मगिरी धुक्यात शिरतो आणि आठ-आठ दिवस दर्शन देत नाही. काडेपेटी सर्दावते, कपडे वाळत नाहीत आणि माझ्या गाडीच्या सायलेन्सरचं टोक काळंकुट्ट होतं. गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात तयार झालेली दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार, आत रेनॉचं सुमारे १२०० सीसीचं इंजिन. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती निघाली तेव्हापासून माझा तिच्यावर जीव. तिची बॉडी फायबरची, तिला गंज माहीत नाही. गंज चढतो तो खाली, सायलेन्सरला, आणि तिथे वाकून कोणी बघत नाही.

हा गंज पावसापेक्षाही आतूनच जास्त येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नाशिकपर्यंत तीसेक किलोमीटर पळाली तर पाइप तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. पण घरापासून गावातल्याच कुशावर्तापर्यंत जाऊन परत आलं, की ते सायलेन्सरच्या पोटातच साचतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब न्यावी.

टोक पुसण्याआधी आत बोट फिरवून बघा, अर्थात पाइप गार असताना. कोरडी, भुरभुरीत काजळी आली तर पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी नीट तापत नाही. चिकट, तेलकट काळं आलं तर इंजिन ऑइल जाळतंय. तेव्हा पॉलिशचा डबा बाजूला ठेवून मेकॅनिक गाठावा.

साफ करायला साबणाचं कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश. हट्टी काजळीला रॉकेलचा बोळा, मग पुन्हा साबण, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच गाडी सुरू करायची. आमच्याकडे घरोघरी तांब्याचं ताम्हन चिंच-मीठ लावून लखलखीत करतात. मीही एकदा तेच टोकाला लावलं. आंबट आणि मीठ, दोन्ही लोखंडाचे वैरी. चार दिवसांत क्रोमवर तांबडे ठिपके उठले. संडास धुवायचं ॲसिड तर त्याहून वाईट. क्रोमचा थर कागदापेक्षाही पातळ असतो, म्हणून भांड्यांची जाड तारेची घासणी नको. अगदी बारीक स्टील वूल, तेही हलक्या हाताने.

क्रोमला पापुद्रे सुटले असतील तर घासत बसू नका, टोक बदला. पाइपभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी ३.१४ने भागा, बाहेरचा व्यास मिळाला. नवं टोक त्याहून जरासं मोठं, ३०४ ग्रेड स्टीलचं घ्या. ते क्लॅम्पने बसवा. वेल्डिंगच करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. आणि तपासायला इंजिन चालू कराल ते उघड्यावर, बंद शेडमध्ये कधीही नाही. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

माझं जुनं टोक मी गेल्या श्रावणात बदललं. काढताना ते हातातच तुटलं, आणि आतून ओंजळभर तांबडं पाणी अंगणात सांडलं.