घरपोच सेवेची खरी किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



पाठीवर चौकोनी पेटी बांधून दुचाकीवरून धावणारा तरुण आज प्रत्येक मोठ्या शहरात दिसतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. भागीदारी म्हटली की नफ्यात वाटा आणि निर्णयात मत या गोष्टी ओघानेच येतात. या भागीदाराला दोन्ही नाहीत. खेपेचा दर कंपनी ठरवते, बदलते तीच, आणि खाते बंद करण्याचा अधिकारही तिचाच. भागीदारी उरते ती केवळ खर्चात आणि धोक्यात.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार, २०२०-२१ साली देशात अशा सर्व प्रकारच्या सुट्या कामांवर ७७ लाख माणसे होती. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. प्रश्न मूठभरांचा नव्हे.

या व्यवस्थेचे मर्म मजुरी मोजण्याच्या पद्धतीत आहे. मजुरी मिळते खेपेमागे. दोन खेपांमध्ये ताटकळण्याचा वेळ बहुतांशी हिशेबात धरला जात नाही. पेट्रोल, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता हे सारे वजा केल्याशिवाय त्याची खरी मजुरी कळतच नाही. कारखानदार यंत्राच्या झिजेसाठी घसारा बाजूला काढतो. इथे घसाऱ्याची तरतूद मजुराच्या पोटातून होते, आणि शरीराची झीज तर कोणत्याच खात्यावर पडत नाही. गिऱ्हाइकाला लाभणारी स्वस्ताई हे या मजुराने दिलेले अनुदानच होय. जो धंदा आपला खर्च स्वतः भरत नाही, तो टिकाऊ म्हणता येणार नाही. थकलेल्याच्या जागी दुसरा बेकार मिळतो, तोवरच तो चालतो.

यात नवे फारसे नाही. विडी कामगार स्त्रियांना हजारी दराने मजुरी मिळे, आणि वाईट ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे. आता नगाच्या जागी खेप आली आणि मुकादमाच्या जागी संगणकाचे सूत्र. मुकादमाशी निदान भांडता तरी येत होते.

मालक एक नाही, कामाची वेळ ठरलेली नाही. मग कामगार कायदे लावायचे कसे, असे विचारले जाते. महाराष्ट्राने याचे उत्तर १९६९ सालीच माथाडी कायद्याने दिले. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरीही अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेल्या संघटनेच्या बळावर कामगार, मालक व शासन यांची त्रिपक्षीय मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा. मालक अनेक असले तरी जबाबदारी निश्चित करता येते, हे तेथे सिद्ध झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांची प्रथमच दखल घेतली. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीत भरायची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये व कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. हे स्वागतार्ह आहे. परंतु संहितेची व्याख्याच त्यांना मालक-कामगार नात्याबाहेर ठेवते, आणि किमान वेतनाचा हक्क तेथेच अडतो. याउलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानले आणि ॲप चालू ठेवून भाडे स्वीकारण्यास सज्ज असलेला वेळही कामाचाच ठरवला.

कल्याणनिधी हा मजुरीला पर्याय नव्हे. खर्च वजा जाता, प्रतीक्षेच्या वेळेसह किमान मजुरी. दर ठरवणाऱ्या सूत्राची उघड माहिती. म्हणणे ऐकल्याशिवाय खाते बंद न करणे. आणि माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. त्यामुळे घरपोच सेवा महागेल, हे मध्यमवर्गीय सहानुभूतीदारांना स्पष्टपणे सांगावे लागेल. महागाई नवी येणार नाही. आज ती दुसऱ्याच्या खिशातून भरली जात आहे, एवढेच. कार्यकर्त्यांनी उपाहारगृहांच्या दारांशी थांबलेल्या या तरुणांजवळ बसून त्यांच्या तासांचा आणि खर्चाचा हिशेब आधी लिहून घ्यावा. संघटनेचा आरंभ त्या वहीतून होईल.